हिरवे घर

कार्यालयातल्या मोठ्या भिंतीवर एक पडदा होता आणि त्या पडद्यावर घरे होती. खरी नव्हेत; लहान मुले काढतात तशी, चौकोनावर त्रिकोण टेकवलेली. ॲप अजून बाजारात यायचे होते. काही मोजक्या कुटुंबांनी ते चाचणीसाठी आपल्या स्वयंपाकघरात लावून घेतले होते आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला पडद्यावरचे एक घर आले होते. अन्न फार वाया गेले की घर लाल होई, थोडे गेले की पिवळे. हिरवे होणे अवघड होते आणि हिरवे राहणे त्याहून अवघड. सबंध पडद्यावर एकच घर पहिल्या दिवसापासून हिरवे होते. ते त्याचे होते.

त्याला तिथे सगळे मौनी म्हणत. तो कमी बोलतो म्हणून हे नाव पडले होते आणि त्याने ते कधी नाकारले नाही, कारण नाकारायचे तर बोलावे लागले असते. कंपनीच्या मालकाला कप्तान म्हणत, कारण तो कंपनीचा उल्लेख नेहमी जहाज असा करी. त्या सकाळी कप्तान पडद्यासमोर उभा राहिला, त्या एकुलत्या हिरव्या घरावर त्याने बोट ठेवले आणि जाहीर केले की ॲपची जाहिरात या घरात चित्रित होणार. येत्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणाला. खरे कुटुंब, खरे स्वयंपाकघर, वाया काहीच नाही. टाळ्या पडल्या. मौनीने मान खाली घातली. लोकांना वाटले, लाजला.

टाळ्या विरल्यावर शेजारच्या टेबलावरची सहकारी खुर्ची सरकवत त्याच्याजवळ आली. ॲपमधल्या चुका हुडकणे हे तिचे काम. त्यात ती इतकी तरबेज होती की तिचे नाव दुर्बीण पडले होते.

"तुमच्याकडे बकरी पाळली आहे का रे?" तिने हळूच विचारले.

तो नुसता बघत राहिला.

"नाही म्हणजे, माझ्या घरी आम्ही दोघंच. तरी आठवड्याला काहीतरी फेकावं लागतं. तुमच्याकडे चार माणसं आणि बादली कोरडी ठणठणीत. मला हे आकडे पचत नाहीत. अन्न जातं कुठे?"

"खातात," तो म्हणाला.

"कोण?"

तो संगणकाकडे वळला. दुर्बीण खांदे उडवून आपल्या जागेवर गेली. त्याला तिचा राग आला, आणि हा राग नेमका कशाचा हे त्याला उमगेना. आपल्या घराबद्दल परक्याने विचारल्याचा? की इतका साधा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही याचा?

ॲपचे डोळे त्याने घडवले होते. एक कॅमेरा फ्रीजच्या आत, एक कचऱ्याच्या बादलीवर. फ्रीजचे दार उघडले की पहिला कॅमेरा चित्र टिपे आणि कुठल्या डब्यात काय आहे, ते किती जुने आहे, अजून किती टिकेल, याचा अंदाज बांधून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडी: आज संपवा. हजारो चित्रे दाखवून त्याने यंत्राला कोमेजणे शिकवले होते. पालेभाजीच्या कडेने चढत येणारा पिवळेपणा, पावाच्या पाठीवर उमटणारा पहिला निळसर ठिपका, दुधाच्या भांड्याच्या काठावर धरलेली ओळ. हे काम करताना त्याला कित्येकदा वाटे की आपण एखाद्या मुक्या प्राण्याला दुःख ओळखायला शिकवतो आहोत. ते काम त्याला मनापासून आवडे.

दोन गोष्टी त्याने फारसा विचार न करता ठरवून टाकल्या होत्या. पहिली अशी की डब्यातून अन्नाला बाहेर पडायला दोनच दारे ठेवली: एक तोंडाचे, एक बादलीचे. बादलीवरच्या कॅमेऱ्याला दिसले ते वाया गेले. दिसले नाही ते कोणीतरी खाल्ले, म्हणजे वाचले. दुसरी गोष्ट चित्रांची. फ्रीजच्या आतून टिपलेल्या चित्रात डब्यामागे माणसेही येत, आणि लोकांच्या घरातली माणसे आपण पाहू नयेत, म्हणून चित्र पुढे जाण्याआधीच त्यातला माणूस कापला जाईल अशी सोय त्याने केली. डबा राहील, डबा धरणारी बोटे राहतील, बाकी सगळे काळे. हे त्याला सभ्यपणाचे वाटले होते.

घरी जेवणाच्या टेबलावर वडील रोज ॲप वाचून दाखवत. ते वजनमापे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासल्यामुळे कुठलाही आकडा हाती आला की त्यांना हुरूप येई. मुलाने घरात मोजायचे यंत्र आणले, याचा आनंद त्यांना मुलाच्या नोकरीपेक्षा जास्त होता.

"परवाचं सूप आत आहे म्हणतोय," ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत. "आज संपवा म्हणतोय. आणि मटार. मटार उद्यापर्यंत. अगं, ऐकतेस का?"

"मी बघते," आई म्हणे.

मोठा भाऊ ताटात बोटे फिरवत फोनवर काही वाचत असे. दादा लग्नाचा, पण लग्न मनावर न घेतलेला. घरात तो पाहुण्यासारखा वावरे आणि पाहुण्यासारखाच गरम वाढून घेई. सूप कोण पिणार, मटार कोण खाणार, हा प्रश्न टेबलावर कधी आला नाही. 'मी बघते' म्हटले की विषय संपे. दिवा गेला, मी बघते. नळ गळतो, मी बघते. सूप उरले, मी बघते. मग सगळे उठून जात, आई स्वयंपाकघरात जाई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडील फोन बघून समाधानाने म्हणत, "हिरवं."

जाहिरातीची घोषणा झाली तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी आई ओट्याला धरून उभी असलेली त्याला दिसली. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता. पहाटेपासून पोटात काही ठरत नव्हते आणि तिने कुणाला उठवले नव्हते. तो तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली आणि काल काय खाल्ले ते विचारले.

"घरचंच," आई म्हणाली. "सगळ्यांनी तेच खाल्लं."

"मग बाकीच्यांना कसं काही झालं नाही?"

"माझं पोटच नाजूक."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. तो खिडकीकडे बघू लागला. घरात नाजूक पोट एकच होते आणि ते वडिलांचे होते. तसे ते स्वतःच सांगत. आईच्या पोटाबद्दल त्याने आजवर एक अक्षर ऐकले नव्हते. शिळे अजिबात नको, असे बजावून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. शिळे हा शब्द ऐकताच आईने पर्स उघडली आणि तिच्यात काहीच शोधायचे नसताना बराच वेळ काहीतरी शोधले.

तिला घरी सोडून तो कामावर आला आणि कुणाशी काही न बोलता संगणकासमोर बसला. चाचणीच्या घरांची न कापलेली मूळ चित्रे थोडे दिवस साठवलेली असत. इतरांची पाहायची त्याला मुभा नव्हती. स्वतःच्या घराची होती. ती त्याने कधी उघडली नव्हती. आपल्या घरात पाहण्यासारखे काय असणार?

त्याने ती उघडली.

आई उभी होती. सगळ्या चित्रांत उभीच होती. फ्रीजचे दार अर्धे उघडे, आतला थंड पांढरा उजेड तिच्या हनुवटीवर आणि गळ्यावर पडलेला, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना डाग असलेल्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात चमचा. ताट नाही, खुर्ची नाही. ताट घेतले तर ते घासावे लागले असते. एका चित्रात ती डबा नाकाशी नेऊन हुंगत होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. पुढच्या चित्रात चमचा तोंडात होता. एकात तिने ओठ आवळून घेतले होते, औषध गिळताना आवळतात तसे. तो एकेक चित्र सरकवत गेला आणि प्रत्येक चित्राखाली ॲपने हिरव्या अक्षरांत, त्याने स्वतः बसवलेल्या शब्दांत लिहिले होते: अन्न वाचले.

एका चित्रापाशी तो थांबला. आईच्या हातात सुपाचा डबा होता आणि ती डब्याकडे पाहत नव्हती. मान वळवून ती बादलीकडे बघत होती. खरे तर बादलीच्या वर, जिथे त्याने खुर्चीवर चढून आपल्या हाताने दुसरा कॅमेरा बसवला होता, तिथे. पुढच्या चित्रात ती परत डब्याकडे वळली होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. त्याची तशी गेली नाही. राग एखाद्या जड भांड्यासारखा एका जागी बसला. कारण त्याला आता आठवले. तो लहान असताना बाजारात जाताना आई कधीकधी पिशवीच्या तळाशी जुन्या कागदात गुंडाळलेले एक पुडके ठेवी आणि वाटेतल्या मोठ्या कचराकुंडीत टाकी. बिघडलेले अन्न असे त्यात. घरच्या बादलीत टाकले तर वडील झाकण उघडून विचारत, हे कशाला टाकलं? एकदा तो बघतो आहे हे लक्षात येताच तिने ओठांवर बोट ठेवले होते आणि ती हसली होती. त्या हसण्यात एक मोकळीक होती. पुढे वडिलांचे गुडघे दुखू लागले, बादलीपर्यंत वाकणे त्यांना जमेना, आणि घरची बादलीसुद्धा तिची झाली. सबंध घरात तेवढी एकच जागा होती जिथे तिला कुणी जाब विचारत नव्हते. तिथे मुलाने डोळा लावला होता.

दुपारी तो कप्तानच्या दालनात गेला. ॲपने आणखी एक प्रश्न विचारावा, असे त्याने सुचवले: डबा संपला तेव्हा तो कोणी संपवला? रोज एकच माणूस संपवत असेल तर ते घर हिरवे दाखवू नये. एवढे बोलायला त्याला इतका वेळ लागला की कप्तानने मध्ये दोन फोन घेतले. मग कप्तानने त्याला अतिशय प्रेमाने समजावले. लोकांना असले प्रश्न आवडत नाहीत. आपण अन्न वाचवायला निघालो आहोत, घरे सुधारायला नव्हे. जहाज एका वेळी एकाच बंदराकडे जाते.

"माझी आई आजारी पडली," मौनी म्हणाला. "उरलेलं सगळं तीच खाते."

"अरे, आया खातातच," कप्तान हसून म्हणाला. "माझीही खायची. त्यात नवीन काय आहे? शुक्रवारपर्यंत त्यांना बरं वाटेल ना?"

त्याला पुष्कळ काही म्हणायचे होते. शब्द घशापर्यंत आले आणि नेहमीप्रमाणे तिथेच रांग लावून उभे राहिले. तो "हो" म्हणाला आणि बाहेर आला. बाहेर येताच त्या 'हो'ची त्याला इतकी चीड आली की हात धुण्याच्या बेसिनवर त्याने मूठ आपटली. बेसिनला काही झाले नाही. मूठ मात्र सबंध दुपारभर ठणकत राहिली.

बुधवारी संध्याकाळी आई कपडे घड्या करत बसली होती. बरीच सावरली होती. ओट्यावरच्या फोनने टिंग केले: मटार-बटाट्याची भाजी, आज संपवा. ती उठू लागली तसा तो म्हणाला, "टाकून दे ती."

"कशाला? चांगली आहे."

"तू हुंगून बघितलीस का?"

तिने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. मग त्याने सगळे सांगितले. मूळ चित्रे पाहिली, तिला उभ्याने खाताना पाहिले, सुपाच्या डब्यासह बादलीकडे बघताना पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असे त्याला वाटले होते. मनात कुठेतरी त्याने तिला धीर देण्याची तयारीही केली होती. पाणी आले नाही. तिचा चेहरा आक्रसला आणि कान लाल झाले.

"म्हणजे मी जेवताना तू मला बघत होतास," ती म्हणाली.

"तसं नाही, आई..."

"तसंच. तो डोळा लावलास तेव्हा मला विचारलं होतंस? खुर्चीवर चढलास, भिंतीला भोक पाडलंस, खाली सांडलेला चुना मी झाडला."

बादलीवरचा कॅमेरा आत्ता काढतो, तो म्हणाला. ती नको म्हणाली. शुक्रवारनंतर काय करायचे ते कर. शुक्रवारी घर हिरवे पाहिजे. त्याने विचारले, कुणासाठी? तिने एक शर्ट उचलला, त्याची बाही सरळ केली, आणि बाहीकडेच बघत बोलली.

"इतकी वर्षं मी या घरात काय काय वाचवलं, ते कुणी मोजलं नव्हतं. आता रोज सकाळी तुझे बाबा मोठ्यांदा वाचतात. लोक घर बघायला येणार आहेत. तुझं नाव होतंय. आणि तू मला सांगतोस, टाक."

"तुझ्या पोटात जातंय ते सगळं."

"मग इतके दिवस कुणाच्या पोटात जात होतं? तुला दिसलं नाही ते?" तिने शर्टाची घडी जोरात दाबली. "आज माझ्यासाठी राग ताटात वाढून आणलास. ताट वाढून आणलं होतंस कधी?"

ती उठून आत गेली. फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला. तो बाहेर तसाच बसून राहिला, आणि त्या आवाजाच्या आणि दार बंद होण्याच्या आवाजाच्या मधला वेळ त्याला आयुष्यात कधी इतका लांब वाटला नव्हता. दार लगेच बंद झाले. त्या दिवशी तरी तिने खाल्ले नाही. डबा तसाच मागे सरकवून ठेवला. त्याला तेवढ्याने बरे वाटले, आणि बरे वाटल्याबद्दल स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी कप्तान आला, सोबत एक छायाचित्रकार आणि दोन मोठे दिवे आले. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दादा जेवणाच्या सुट्टीत घरी आला होता. टेबलावर गरम भात, ताजी भाजी, कापलेली फळे असे सगळे मांडून ठेवले होते आणि दिव्यांच्या उजेडात ते अन्नापेक्षा अन्नाच्या चित्रासारखे दिसत होते. वडिलांनी कॅमेऱ्यापुढे वजनमापांवर एक छोटेसे भाषण केले. कप्तानने ते ऐकून घेतले आणि नंतर हळूच छायाचित्रकाराला सांगितले की हे कापायचे.

मग मुख्य दृश्य. कार्यालयातून ठरल्या वेळी निरोप सोडला गेला आणि टेबलावरचे सगळे फोन एकदम वाजले: मटार-बटाट्याची भाजी, आज संपवा. बुधवारची मुदत उलटून गेली होती. पण चित्रीकरणासाठी कप्तानने ती पुढे ढकलायला लावली होती.

"काकू, आता तुम्ही उठा, फ्रीजमधून तो डबा काढा, आणि हसत म्हणा, आमच्याकडे काही वाया जात नाही. मग सहज दोन घास खा. अगदी रोजच्यासारखं."

आई उठली. ती हसली, आणि ते हसणे पाहून त्याच्या लक्षात आले की तिने ते सकाळपासून तयार ठेवले असणार. तिने डबा आणला, झाकण काढले. एक आंबूस वास टेबलावरून हळूच फिरून गेला. कुणाचा चेहरा हलला नाही. फक्त वडिलांनी आपले ताट अंगाकडे बोटभर ओढून घेतले.

ते बोटभर सरकणे त्याला दिसले. तो उठला आणि आईच्या हातून त्याने डबा काढून घेतला.

"बाबा," तो म्हणाला, "आज तुम्ही बघा."

"काय?"

"आज संपवा म्हणतोय फोन. तुम्ही संपवा."

वडिलांनी आधी कॅमेऱ्याकडे, मग मुलाकडे पाहिले. "मला शिळं चालत नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पोट बिघडतं माझं. तुला माहीत आहे."

त्याने डबा दादापुढे धरला. दादा म्हणाला की त्याला दुपारी मीटिंग आहे, उगाच धोका नको. त्याने डबा कप्तानपुढे धरला. कप्तान खुर्चीत मागे रेलला, हसला, आणि म्हणाला, "अरे, मी बाहेरचा माणूस, मला कशाला?" छायाचित्रकाराने आपल्यापुढे डबा यायच्या आतच कॅमेरा डोळ्याला घट्ट लावला.

आता डबा त्याच्याच हातात उरला होता. त्याने चमचा घेतला आणि एक घास तोंडात घातला. बटाटा बाहेरून गुळगुळीत झाला होता. आत काहीतरी जिभेला चावत होते. गिळायचा त्याने खूप प्रयत्न केला. त्याच्या लक्षात आले की या घरात वाढून, एवढा मोठा होऊन, हजारो चित्रांतून यंत्राला नासणे शिकवून, ही चव तो पहिल्यांदा घेत होता. घास खाली जाईना. त्याने तो हातरुमालात काढून टाकला.

"आण इकडे," आई म्हणाली. तिचे हसणे आता पुसले गेले होते आणि आवाजात घाई होती. "वेडेपणा करू नकोस. आण, मी बघते."

तिने हात पुढे केला. तो वळला, बादलीपाशी गेला, पायाने झाकण उघडले.

"बादली ही आहे," तो म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही. त्याने डबा उपडा केला.

मग वडिलांच्या फोनने टिंग केले आणि त्यांनी निव्वळ सवयीने तो उचलला, चष्मा वर सरकवला आणि मोठ्यांदा वाचले, "भाजी वाया गेली. पिवळं." वाचून झाल्यावर आपण काय वाचले ते त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी फोन पालथा ठेवला.

कप्तानने दिवे बंद करायला सांगितले. तो काही ओरडला नाही. जाताना एवढेच म्हणाला की सोमवारी बोलू. आई मात्र कुणाशीही न बोलता आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. तो बाहेर उभा राहिला. आतून तिचा आवाज आला, आणि त्यात कुठेही आभार नव्हते.

"सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "माझ्या हातातून काढून घेतलंस, आणि सगळ्यांसमोर टाकलंस."

आपला राग खरा होता, हे त्याला ठाऊक होते. तो तिच्यासाठी होता, हेही त्याला खरेच वाटले होते. पण डबा तिचा होता, बादली तिची होती, आणि त्याने त्या दोन्हींमध्ये पुन्हा एकदा तिला न विचारता हात घातला होता.

शनिवारी, रविवारी तिने त्याचे ताट वाढले, पाणी ठेवले, आणि एक शब्द बोलली नाही. उरलेल्याबद्दल वडीलही काही बोलले नाहीत. फोन वाजला तरी वाचला गेला नाही. एकदा तर जेवण झाल्यावर ते उठून उगाच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, तिथे घुटमळले, आणि आई "काय हवंय?" म्हणताच परत फिरले. फ्रीजमध्ये डबे साचत गेले. स्वयंपाकघरात जायला त्याला धीर होत नव्हता. कॅमेरा काढू का, हे तो शेवटी दाराच्या चौकटीतूनच विचारणार होता. तोही प्रश्न घशातल्या रांगेत उभा राहिला.

सोमवारी कप्तानने निर्णय सांगितला. जाहिरात दुसऱ्या घरात होईल. ॲपच्या डोळ्यांचे काम यापुढे दुसरा कोणी पाहील. मौनीने नोंदणीचे पान सुबक करावे, तिथे माणसांशी संबंध कमी येतो. आणि त्याचे घर चाचणीतून वगळावे. ते त्याने स्वतःच्या हाताने केले तर बरे. एका वाक्याला दुसरे जोडून कप्तान पुष्कळ वेळ बोलत होता. मौनीने या खेपेस 'हो' म्हटले नाही. 'नाही'ही म्हटले नाही. तो उठून आला.

संगणकावर त्याने आपल्या घराचे पान उघडले. वगळण्याच्या बटणावर बोट ठेवले. दुर्बीण खुर्ची सरकवत शेजारी आली. शुक्रवारची हकिकत आतापर्यंत सगळ्या कार्यालयाला कळली होती. तेवढ्यात पानावर एक नवे चित्र उमटले. घरून, आत्ता, बादलीवरच्या कॅमेऱ्यातून.

डबा होता. डबा धरणारी बोटे होती आणि बाकी सगळे काळे. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना, चकाकणारा डाग. डबा बादलीच्या बरोबर मधोमध, कॅमेऱ्याखाली, स्थिर धरलेला. नीट दिसावा म्हणून कुणी कागद उजेडात धरते, तसा.

पुढचे चित्र आले. डबा तिरका झाला होता. त्याच्या पुढच्यात तो उपडा होता. त्याच्या पुढच्यात तो बादलीच्या काठावर आपटला जात होता, इतक्या जोराने की बोटे आणि डबा यांची एकच पुसट रेघ झाली होती. आणखी एकदा. आणखी एकदा. चित्रांना आवाज नसतो. पण त्या प्रत्येक आपटण्यासरशी त्याच्या खांद्याला हिसका बसत होता. मग दुसरा डबा आला. तोही तसाच, आधी कॅमेऱ्याखाली स्थिर धरलेला. मग तिसरा.

कॅमेऱ्याची तार बादलीच्या मागे, तिच्या हाताच्या अंतरावर होती. ती तिने उपटली नव्हती.

भिंतीवरच्या पडद्यावर त्याचे घर पिवळ्याचे नारिंगी, नारिंगीचे लाल होत गेले. दोघातिघांनी माना वर करून पाहिले. दुर्बिणीने आधी पडद्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहिले.

"तुझं घर तर वगळायचं आहे ना?" तिने विचारले. "मग हे मोजायचं का?"

त्याने बटणावरचे बोट काढून घेतले.

"मोज," तो म्हणाला.